त्वचेच्या ल्युपससाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेताना

चेहऱ्यावरच्या ल्युपसच्या चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लिहून दिले की "ही तर मलेरियाची गोळी" असे कोणीतरी म्हणतेच आणि रुग्ण गोंधळतो. गोळी मलेरियाचीच खरी, परंतु येथे ती जंतू मारण्यासाठी दिलेली नसते. ल्युपस हा संसर्ग नव्हे. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि हे औषध तिला आवर घालते. ल्युपसवर क्विनीन हे मलेरियाचेच जुने औषध वापरल्याची नोंद लंडनच्या जोसेफ पेन यांनी १८९४ सालीच केली होती. गजकर्णावर मात्र या गोळीचा उपयोग नाही, त्यामुळे उरलेल्या गोळ्या कोणाला देऊ नयेत.

मात्रा प्रत्यक्ष वजनावरून ठरते: दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि एकूण सहसा ४०० मिलिग्रॅमपर्यंतच. वजन ५२ किलो असेल तर दिवसाची मर्यादा २६० मिलिग्रॅम होते. गोळी २०० मिलिग्रॅमची असल्याने डॉक्टर आठवड्यातले पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन गोळ्या, म्हणजे आठवड्याला नऊ, असे सांगू शकतात. दोन गोळ्यांचे वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत, कारण चूक तिथेच होते. हिशेब समजून घ्यावा, मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी.

गोळी कडू असते व पोटात मळमळते, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी. आम्लपित्ताचे औषध चालू असल्यास दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. लहान मुलांना थोड्या गोळ्याही जिवावर बेतू शकतात; डबा उंच कपाटातच हवा.

गुण यायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त काळ लागतो. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणारे पुष्कळ असतात, आणि हे माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान. ऊन टाळणे आणि धूम्रपान सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. गरोदरपणातही गोळी परस्पर बंद करू नये.

डोळ्यांच्या पडद्यावर दुष्परिणाम होऊ शकतो. तो योग्य मात्रेत विरळा, पण झालेली हानी भरून येत नाही. पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती लवकर सुरू करावी लागते. केवळ चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. नेत्रतज्ज्ञ औषध कधीपासून चालू आहे हे विचारतील, म्हणून पहिल्या गोळीची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवावी.