ठिबक कंट्रोलरमधली बक चिप सारखी जळते? या चुका टाळा

तासगावच्या द्राक्षबागेतला ठिबक कंट्रोलर बंद पडला की पहिला संशय बक चिपवर, म्हणजे इनपुटचं जास्तीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या चिपवर जातो. 'ड्युप्लिकेट माल असणार' म्हणत तीच चिप पुन्हा बसवतात आणि तीही जळते. सिंक्रोनस (डायोडऐवजी आतच दुसरा स्विच असलेली) बक चिप इतकी नाजूक नसते. खरा घोटाळा बहुतेक वेळा इनपुटला असतो.

ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह सहसा २४ व्होल्ट एसीवर चालतात. त्याच ट्रान्सफॉर्मरवर ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि कॅपॅसिटर टाकून पुढे एमपी२३०७ या बक चिपचं छोटं मॉड्यूल जोडलं जातं. या चिपची मर्यादा २३ व्होल्ट. २४ व्होल्ट एसीचं शिखर जवळपास ३४ व्होल्ट, ब्रिजमधल्या दोन डायोडचे वजा केले तरी ३२ च्या वर. त्यात रात्री लाइनचं व्होल्टेज चढलं की आणखी भर. अशा जागी एलएमआर३६०१५ सारखी ६० व्होल्टची चिपच हवी, आणि इनपुट कॅपॅसिटर ६३ व्होल्टचा. इथे पैसे वाचवू नका.

बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डाचं दुखणं वेगळं. इनपुटला फक्त सिरॅमिक कॅपॅसिटर असतील आणि लांब वायर चालू बॅटरीला जोडली, तर क्षणभर व्होल्टेज दुपटीच्या जवळ उसळतं. मल्टीमीटरवर ते दिसतही नाही. सिरॅमिकला समांतर १०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावला, की त्याच्या अंतर्गत रोधामुळे ही उसळी दबते.

मेसेज पाठवताना कंट्रोलर रीसेट होतो? सिम८०० सारखं जीएसएम (मोबाइल नेटवर्कचं) मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बक चिपच्या आउटपुटची कॉइल, म्हणजे इंडक्टर, त्याआधीच सॅच्युरेट होत (चुंबकीय क्षमता संपत) असेल, तर करंट एकदम चढतो, चिप स्वतःला आवरते आणि आउटपुट कोसळतं. इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट चिपच्या करंट लिमिटपेक्षा जास्तच हवा. आउटपुटचे सिरॅमिकही पाहा. ६.३ व्होल्टचा, ०८०५ आकाराचा २२ मायक्रोफॅरड कॅपॅसिटर ५ व्होल्टवर निम्म्याहून कमी उरू शकतो. कॅपॅसिटर मोजणारा एलसीआर मीटर मात्र पूर्ण आकडा दाखवतो, कारण तेव्हा त्यावर डीसी नसतो. १६ व्होल्टचा, मोठ्या आकाराचा, एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक घ्या.

पीसीबी स्वतः काढत असाल तर एलएम२५९६ चा जुना लेआउट उचलू नका. ती १५० किलोहर्ट्झची, बाहेरून डायोड लागणारी चिप. सिंक्रोनसमध्ये डायोडच्या जागी आतच दुसरा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो आणि स्विचिंग बरंच वेगवान. त्यामुळे इनपुटचा सिरॅमिक चिपच्या व्हीआयएन (इनपुट) आणि ग्राउंड पिनांना अगदी खेटून हवा. फीडबॅकची (आउटपुट व्होल्टेज चिपला कळवणारी) लाइन स्विच नोडपासून, म्हणजे चिप आणि इंडक्टरच्या जोडापासून, लांब न्या.

लोड नसताना बारीक शीळ ऐकू आली तर घाबरू नका. हलक्या लोडवर चिप स्विचिंगचे काही पल्स वगळते, म्हणून सिरॅमिक गुणगुणतात.

चिप जळालीच, तर नवी लावण्याआधी पुढचं सर्किट तपासा. वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला की पूर्ण इनपुट व्होल्टेज इंडक्टरमधून थेट ५ व्होल्टच्या लाइनवर येतं. मायक्रोकंट्रोलर शॉर्ट झालेला असेल, तर नवी चिप कितीही चांगली असली तरी आउटपुट वर येणार नाही.