विंडोजला धक्का न लावता लिनक्स: पहिलं व्हर्च्युअल मशीन कसं उभं करावं

लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम शिकायचीय, पण रोजच्या कामाचं विंडोज बिघडेल ही धास्ती अनेकांना मागे खेचते. त्यावर व्हर्च्युअल मशीन हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर तुमच्या स्क्रीनवर एका विंडोत चालतो. मूळ सिस्टीम ती होस्ट, आतली ती गेस्ट. गेस्टची हार्ड डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाइल असते.

आधी आपलं मशीन तपासा. किमान ८ जीबी रॅम हवी. १६ असेल तर काम सुखाचं होतं. डिस्कवर ४० जीबी जागा मोकळी ठेवा. मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक करून ‘व्हर्च्युअलायझेशन’ सुरू आहे का ते पाहा. बंद असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. तिथे इंटेलमध्ये ते बहुधा व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एसव्हीएम या नावानं सापडतं.

आता अधिकृत संकेतस्थळांवरून व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकाराची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत, उतरवून घ्या. दोन्ही मोफत आहेत. एम मालिकेची चिप असलेल्या मॅकवर मात्र आर्म प्रोसेसरसाठीचीच आयएसओ लागते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ दाबा, नाव द्या, आयएसओ निवडा. आपोआप इन्स्टॉल करण्याचा पर्याय बंद ठेवा. शिकायचं असेल तर प्रत्येक पायरी स्वतः पाहिलेली बरी. ८ जीबीच्या मशीनवर गेस्टला ४ जीबी रॅम आणि प्रोसेसरचे २ कोअर (गाभे) पुरेत. जास्त दिलं की गेस्ट वेगवान होईल असं वाटतं, पण होस्टलाच रॅम कमी पडली तर दोन्ही सिस्टीम रखडतात. डिस्क ३० जीबीची करा आणि तिची पूर्ण जागा आधीच राखून ठेवू नका, म्हणजे फाइल वापरानुसार वाढत जाईल.

‘स्टार्ट’ दाबून इन्स्टॉलेशन सुरू केलं की थोड्या वेळानं ‘इरेज डिस्क’ असा पर्याय दिसतो. इथे भलेभले थबकतात. पण खुशाल पुढे जा: उबंटूला फक्त ती व्हर्च्युअल डिस्क दिसते, तुमची खरी डिस्क दिसतच नाही. इन्स्टॉल झाल्यावर ‘डिव्हायसेस’ मेनूतून गेस्ट अॅडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर गेस्टमध्ये बसवा. त्यानं स्क्रीन विंडोच्या आकाराशी जुळते, आणि सेटिंग्जमध्ये शेअर्ड क्लिपबोर्ड चालू केला की दोन्हीकडे कॉपी-पेस्टही करता येतं.

सगळं नीट चालू लागलं की लगेच स्नॅपशॉट घ्या. माझ्या मते व्हर्च्युअल मशीनचं खरं मोल इथेच आहे. त्या क्षणाची अख्खी अवस्था जपली जाते. मग सिस्टीम फाइल्स उडवा, अनोळखी पॅकेजेस टाका, कमांड चुकवा; मशीन बंद करून ‘रिस्टोअर’ केलं की सगळं पूर्ववत. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. मूळ डिस्कची फाइल गेली तर तोही निरुपयोगी होतो, म्हणून महत्त्वाच्या फाइल्स बाहेर दुसरीकडेही ठेवा.

विंडो बंद करताना तीन पर्याय येतात. ‘सेव्ह स्टेट’ निवडल्यास काम जिथल्या तिथे थांबतं, ‘शटडाउन सिग्नल’ गेस्टला रीतसर बंद व्हायला सांगतो. ‘पॉवर ऑफ’ म्हणजे थेट वीज तोडणं. गेस्ट पूर्ण अडकला तरच तो वापरा.