डोंगराळ भागातील कोळ्यांच्या (स्पायडर) सर्वेक्षणाची पूर्वतयारी

नमुने गोळा करण्याचा स्पष्ट उल्लेख असलेली लेखी परवानगी सर्वांत आधी हाती घ्यावी. नुसती प्रवेशाची परवानगी पुरत नाही. मग नकाशावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत समान अंतराने, उदाहरणार्थ दर 200 मीटर उंचीवर, पट्टे आखावेत आणि प्रत्येक पट्ट्यात सारख्या आकाराच्या किमान तीन जागा ठरवाव्यात.

शोधाला दिलेला वेळ सर्व पट्ट्यांत समान राहील, याची आखणी घरीच पक्की करावी, कारण सर्वेक्षणाचे सारे मोल त्यावर ठरते. माथ्यावर थंडी, वारा आणि थकवा यांमुळे शोध लवकर आटोपला आणि प्रजाती कमी सापडल्या, तर ती घट डोंगराची की शोधणाऱ्याची, हे नंतर कोणत्याही गणिताने सांगता येत नाही. म्हणून एक व्यक्ती, एक पद्धत आणि एक तास हे मोजमाप धरावे, आणि तीच माणसे नेहमी त्याच उंचीवर जाणार नाहीत, अशी पाळी लावावी.

झाडोरा झोडपण्यासाठी काठी व पांढरे कापड, गवतासाठी जाळी, पालापाचोळ्यासाठी चाळणी आणि जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांसाठी काठ जमिनीच्या पातळीत येईल असे पुरायचे पेले घ्यावेत. पेल्यांत पडलेले कोळी टिकावेत म्हणून प्रॉपिलीन ग्लायकोल हे द्रव वापरावे, कारण एथिलीन ग्लायकोल इतर प्राण्यांना अधिक विषारी असते. पुरलेला प्रत्येक पेला काढून आणण्यासाठी त्यांची यादीही ठेवावी. रात्रीची फेरी वगळू नये. हेडलॅम्पच्या उजेडात लांडगा कोळ्यांचे (वुल्फ स्पायडर) डोळे लांबूनही चमकतात आणि दिवसा लपून बसणाऱ्या अनेक प्रजाती तेव्हाच बाहेर येतात.

अल्कोहोलमध्ये हिरवे आणि लाल रंग उडतात, त्यामुळे जिवंतपणीचे छायाचित्र आधी घ्यावे. नमुन्यांसाठी 70 ते 80 टक्के इथेनॉल चालते. डीएनए तपासायचा असल्यास 95 टक्क्यांचे वेगळे न्यावे. ठिकाण, उंची, तारीख आणि पद्धत यांची चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आतच टाकावी, कारण बॉलपेनची शाई विरघळते. ओळख बहुधा प्रौढ नराच्या पाल्पवरून (तोंडाजवळील स्पर्शकावरून) किंवा मादीच्या एपिगाइनवरून (पोटाखालील जननांगाच्या भागावरून) पटते, म्हणून नोंदवहीत पिल्लांसाठी स्वतंत्र रकाना असावा आणि दौरा प्रौढ कोळी मिळण्याच्या हंगामात ठेवावा. उंचावर हा हंगाम उशिरा येऊ शकतो.

नमुने कोणत्या संग्रहालयात जमा होणार, हे निघण्यापूर्वी ठरवून तेथील क्रमांकपद्धती विचारून घ्यावी, म्हणजे चिठ्ठ्या दोनदा लिहाव्या लागणार नाहीत.