कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये सॅटर्न ५ : बांधणीपासून मुनवारीपर्यंत

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या संगणकीय खेळात सॅटर्न ५ची, म्हणजे अपोलोच्या चांद्ररॉकेटची, प्रतिकृती बांधताना बहुतेकांचा घोळ होतो तो इंधनात. खऱ्या रॉकेटला पृथ्वीभोवतीच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागायचा. खेळातल्या पृथ्वीची, म्हणजे कर्बिनची, त्रिज्या मात्र अवघी ६०० किलोमीटर, त्यामुळे ८० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेला सेकंदाला साधारण २,२८० मीटर पुरतात. टाक्या काठोकाठ भरल्या तर दुसरा टप्पाच कक्षेत जाऊन बसतो, तिसऱ्याला काम उरत नाही आणि अपोलो मोहिमेचा क्रमच मोडतो. म्हणून आकार सॅटर्नचा ठेवायचा आणि आकडे कर्बिनचे. टाक्या पूर्ण लांबीच्या लावा, पण काही अर्ध्याच भरा.

खाली दिलेली रचना मूळ खेळातल्या भागांची आहे, विस्तारपॅक लागत नाही. खेळ सँडबॉक्समध्ये सुरू करा, म्हणजे सगळे भाग हाताशी असतील. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स’ चालू करून घ्या.

मापे

खरे सॅटर्न ५ ११०.६ मीटर उंच होते. खालचे दोन टप्पे १०.१ मीटर व्यासाचे आणि तिसरा ६.६ मीटरचा. खेळात खालचा व्यास ३.७५ मीटर धरला तर पहिला टप्पा साडेपंधरा मीटरच्या आसपास यायला हवा. एस३-१४४०० टाकी साडेसात मीटरची असते, त्यामुळे दोन टाक्यांत हे माप जवळजवळ तंतोतंत बसते. तिसऱ्या टप्प्याला मात्र तडजोड करावी लागते. तीन जणांचा एमके१-३ पॉड २.५ मीटरचा असल्याने प्रमाणाबाहेर जाडा आहे. तिसरा टप्पाही २.५ मीटरचा केला तर वरचा निमुळता भाग दिसतच नाही. तो ३.७५चाच ठेवा. ‘मेकिंग हिस्टरी’ पॅक असेल तर खालचे दोन टप्पे ५ मीटरचे करता येतात आणि दोन्ही पायऱ्या नीट दिसतात.

वरून खाली बांधा

१. कमांड-सर्व्हिस मॉड्यूल, म्हणजे तिघांचे मुख्य यान. एमके१-३ पॉडच्या डोक्यावर क्लॅम्प-ओ-ट्रॉन डॉकिंग पोर्ट आणि कडेने तीन एमके२-आर पॅराशूट. पॉडखाली २.५ मीटरचे हीट शील्ड, मग डीकपलर (दोन भाग एकमेकांपासून सोडवणारा सांधा), एक्स२००-८ टाकी आणि पूडल इंजिन. चार आरव्ही-१०५ थ्रस्टर गुरुत्वमध्याच्या जवळ लावा. ते एका टोकाला गेले की डॉकिंगच्या वेळी बाजूला सरकताना यान वळायला लागते. दोन-चार सौर पॅनेल विसरू नका.

२. लूनर मॉड्यूल, म्हणजे मुनवर (खेळातल्या चंद्रावर) उतरणारा लँडर. वर डॉकिंग पोर्ट, त्याखाली दोन जणांचा एमके२ लँडर कॅन, एफएल-टी१०० टाकी आणि छोटे स्पार्क इंजिन: हा झाला वर चढणारा भाग. त्याखाली डीकपलर, अर्धी भरलेली एक्स२००-८ टाकी, टेरियर इंजिन आणि चार एलटी-२ पाय. पाय इतके खाली लावा की टेरियरचे तोंड जमिनीला टेकणार नाही. सगळे मिळून वजन पावणेसहा टनांच्या आसपास येते. कॅनवर एक छोटा प्रोब कोअर (माणसाविना यान चालवणारा भाग) बसवा, त्याची गरज पुढे लागणार आहे. सुटण्याआधी क्रू टॅब उघडून पाहा: तिघेही पॉडमध्ये आणि लँडर रिकामा हवा.

३. फेअरिंग, म्हणजे लँडरभोवतीचे कवच. सगळ्यात किचकट काम हेच. एई-एफएफ३ फेअरिंगच्या मेनूत इंटरस्टेज नोड (आतले जोडबिंदू) चालू करा आणि ट्रस बंद ठेवा, नाहीतर फेअरिंग उडाल्यावर सांगाडा लँडरभोवती तसाच राहतो. आतल्या तळाच्या नोडवर डीकपलर आणि त्यावर लूनर मॉड्यूल बसवा. वरच्या नोडपैकी लँडरच्या डोक्याला न लागणारा निवडून त्यावर आणखी एक डीकपलर आणि पूडलची खालची बाजू जोडा. मग फेअरिंग ३.७५ मीटरपासून निमुळते करत सर्व्हिस मॉड्यूलच्या कडेवर बंद करा. बाजूंची संख्या चार ठेवली की खऱ्या अपोलोसारख्या चार पाकळ्या उघडतात.

४. तिसरा टप्पा. एस३-७२०० टाकी अर्धी भरून आणि खाली एक पूडल.

५. दुसरा टप्पा. एस३-१४४०० अर्धी भरून आणि खाली पाच स्विव्हल. मधले इंजिन सरळ तळाच्या नोडवर लागते. बाकीच्या चारसाठी तळावर चारच्या सिमेट्रीत क्युबिक ऑक्टॅगोनल स्ट्रट लावा आणि त्यांवर इंजिने बसवा. यांतून इंधन पुढे जाते.

६. पहिला टप्पा. दोन एस३-१४४००, वरची अर्धी आणि खालची पूर्ण भरलेली. खाली त्याच पद्धतीने पाच व्हेक्टर, तळाशी चार पंख. पाचही व्हेक्टरचा थ्रस्ट लिमिटर ६५ टक्क्यांवर आणा. पूर्ण जोर दिला तर थ्रस्ट आणि वजनाचे गुणोत्तर दोनच्या जवळ जाते आणि रॉकेट फटाक्यासारखे सुटते. खरे सॅटर्न जेमतेम १.२ने उठायचे, मनोऱ्याजवळून सावकाश सरकत. ६५ टक्क्यांना १.२५च्या आसपास मिळते आणि तो भारदस्तपणा दिसतो.

टाकी अर्धी भरताना लिक्विड फ्यूएल आणि ऑक्सिडायझर या दोन्ही पट्ट्या सारख्याच प्रमाणात कमी करा. एकच कमी केलीत तर ती संपताच इंजिन बंद पडते आणि दुसऱ्याचे टनावारी वजन उगाच वाहून न्यावे लागते. सगळे जमले की पॅडवर वजन २४५ टनांच्या आसपास दिसेल.

डगमग आणि स्टेजिंग

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधला डीकपलर मधल्या एकाच स्विव्हलला जोडलेला असतो. वरचे जवळजवळ शंभर टन त्या सव्वा मीटरच्या सांध्यावर तोललेले असतात, म्हणून रॉकेट वळताना इथेच वाकते आणि तुटते. पहिल्या टप्प्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या टाकीपर्यंत आठ ईएएस-४ स्ट्रट (आधारदांडे) लावा. टप्पा सुटताना ते आपोआप तुटतात. टाक्यांना ऑटोस्ट्रट (न दिसणारा आधार) ‘ग्रँडपेरेंट पार्ट’वर द्या.

स्टेजिंगमध्ये (काय कोणत्या क्रमाने सुटेल त्या यादीत) पाच व्हेक्टर आधी आणि लाँच क्लॅम्प त्याच्या पुढच्या टप्प्यात ठेवा. सॅटर्नची इंजिनेही उड्डाणाच्या काही सेकंद आधी पेटत आणि पाचही नीट चालली तरच पकड सुटत असे. फेअरिंग, लँडरचे डीकपलर आणि पॅराशूट यांची जागा दोनदा तपासा. बहुतेक मोहिमा इथेच फसतात. मधले व्हेक्टर बंद करायची एक अ‍ॅक्शन ग्रुप (एका कळीला जोडलेली आज्ञा) करा: अपोलो ११च्या उड्डाणात मधले एफ-१ इंजिन २ मिनिटे १५ सेकंदांनी बंद केले होते, कारण टाकी रिकामी होत गेली की प्रवेग फार वाढतो. तुमचा पहिला टप्पा दीडपावणेदोन मिनिटांत संपेल, तेव्हा शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत ती वापरा.

कर्बिन ते मुन

सेकंदाला ६० मीटर वेग झाला की पूर्वेकडे पाच अंश कला आणि मग प्रोग्रेडमागे (प्रवासाच्या दिशेमागे) जाऊ द्या. १२ ते १५ किलोमीटरवर ४५ अंश हवेत. जास्त कललात तर दाट हवेत पंखांनाही नाक सावरत नाही. अपोअ‍ॅप्सिस (कक्षेचा सर्वांत उंच बिंदू) ८० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत दुसरा टप्पा चालवा. कक्षा पूर्ण करायचे शेवटचे सेकंदाला काही शे मीटर तिसऱ्याने द्यायचे, खऱ्या मोहिमेतही तसेच होते.

पुढचा डेल्टा-व्हीचा (वेगात करायच्या बदलाचा) हिशेब, मीटर प्रतिसेकंदात: मुनकडे निघायला ८६०, मुनच्या कक्षेत शिरायला ३१०, उतरायला ५८०, चढायला ५८०, घरी निघायला ३१०. क्षितिजावर मुन उगवताना प्रोग्रेड दिशेने इंजिन जाळले की वाट जवळपास बरोबर येते. मॅन्युव्हर नोडने (नकाशावर आधी आखलेल्या वेगबदलाने) नेमकेपणा आणा. हे तिसऱ्या टप्प्याच्या पूडलचे साधारण दोन मिनिटांचे काम आहे. अपोलो ११सारखी फ्री-रिटर्न वाट हवी असेल तर नोड असा सरकवा की मुनला वळसा घालून येणारी रेषा कर्बिनच्या ३० ते ३५ किलोमीटर उंचीवरून जाईल. मग सर्व्हिस मॉड्यूलचे पूडल पेटलेच नाही तरी तिघे घरी येतात.

आता लँडर बाहेर काढायचा. आधी यान स्थिर करा, मग सर्व्हिस मॉड्यूल सोडा आणि फेअरिंग उडवा. तिसरा टप्पा आणि लँडर यांत माणूस नसतो, म्हणून प्रोब कोअर नसेल तर ते दोन्ही हळूहळू गोल फिरत राहतात आणि पोर्ट सापडत नाही. कोअर असल्यास त्याचा एसएएस (यान स्थिर ठेवणारी यंत्रणा) चालू करा. नसल्यास क्षणभर टाइम वार्प (वेळ पुढे पळवणे) लावा, फिरणे थांबते. ३० मीटर दूर जाऊन १८० अंश वळा, लँडरच्या पोर्टवर राइट क्लिक करून त्याला टार्गेट करा आणि आपल्या पोर्टवर ‘कंट्रोल फ्रॉम हिअर’ दाबा. शेवटच्या दहा मीटरांत वेग ०.३ मीटर प्रतिसेकंदाच्या आत ठेवा. चुंबक पकडत असताना एसएएस बंद केला तर पोर्ट सहज जुळतात. मग लँडरखालचा डीकपलर सोडून मागे सरका.

उतरणे, परत चढणे

मुनभोवती २० किलोमीटरची कक्षा घ्या, दोघांना लँडरमध्ये पाठवा आणि वेगळे व्हा. नॅव्हबॉल (दिशा दाखवणारा गोल) सर्फेसवर ठेवून रेट्रोग्रेड, म्हणजे प्रवासाच्या उलट दिशेने, इंजिन जाळा. आडवा वेग आधी मारा, उभा मग. जमिनीपासून एक किलोमीटरवर ५० मीटर प्रतिसेकंद, टेकताना ३ किंवा कमी. लँडर कलंडतो तो वेगापेक्षा उतारामुळे, म्हणून विवराच्या कडा टाळून तळाच्या सपाटीवर उतरा. नकाशातली उंची समुद्रसपाटीसारख्या काल्पनिक पातळीवरून मोजलेली असते. जमिनीचा अंदाज कॅनमधल्या रडार उंचीवरून किंवा स्वतःच्या सावलीवरून घ्या.

परतताना सर्व्हिस मॉड्यूल डोक्यावर यायच्या किंचित आधी स्पार्क पेटवा, १० किलोमीटरची कक्षा घ्या आणि खालच्या कक्षेतून त्याला गाठा. मुनवरचे डोंगर सुमारे ७ किलोमीटरपर्यंत जातात, त्यामुळे याहून खाली राहू नका.

दोघे पॉडमध्ये आले की लँडर सोडून द्या आणि कर्बिनची पेरिअ‍ॅप्सिस (कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू) ३० ते ३५ किलोमीटरवर आणा. त्याहून खाली उतरण्याचा मार्ग फार उभा होतो, वर ठेवली तर यान हवेतून पुन्हा बाहेर निसटते. ७० किलोमीटरच्या आधी सर्व्हिस मॉड्यूल टाकून शील्ड पुढे करा. पॅराशूटचा रंग सुरक्षित दाखवल्याशिवाय ती उघडू नका.