कौलांखालून नेटवर्कची केबल नेण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील जुन्या कौलारू घरात माळ्यावरून खोल्यांत नेटवर्कची केबल उतरवायची असेल, तर मुहूर्त शाकारणीचाच धरावा. मृगापूर्वी कौले काढून परतली जात असताना माळ्यावर उजेड आणि वारा दोन्ही असतात. एरवी उन्हाळ्याच्या दुपारी मंगळुरी कौलांखाली दहा मिनिटेही बसवत नाही.

प्रथम राउटर कुठे राहील आणि कोणत्या खोलीत किती टोके हवीत हे कागदावर मांडावे. मग भिंतीवरून वर, तुळईच्या कडेने आडवी आणि पुन्हा खाली अशी प्रत्यक्ष वाटेने सुतळी धरून लांबी मोजावी व दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त धरावे. भिंतीतील केबल ९० मीटरपेक्षा लांब नसावी. घरात तेवढी सहसा लागत नाही, पण मागच्या गोठ्यापर्यंत कॅमेरा न्यायचा असल्यास हिशेब करावा. उघड्या अंगणातून जाताना वळवाच्या विजांचा धोका असल्याने तिथे तांब्याऐवजी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, बरी.

केबल कॅट-६ या प्रतीची, पूर्ण तांब्याची घ्यावी. ३०५ मीटरची पेटी संशयास्पद स्वस्त मिळत असेल, तर दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरट दिसले, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम समजावे.

खरी परीक्षा जांभ्याच्या भिंतीत आहे. दीड फूट जाडीला नेहमीचे सहा इंची बिट पुरत नाही, आणि जांभ्यातील पोकळ्यांमुळे ड्रिल मध्येच वाट सोडते. दोन्ही बाजूंनी पाडलेली भोके आत जुळत नाहीत, हे मी एक अख्खी सकाळ घालवून शिकलो आहे. लांब बिट आधी मिळवावे, आणि बाहेरच्या भिंतीचे भोक किंचित बाहेरच्या बाजूस उतरते ठेवावे, म्हणजे खानापूरकडचा पाऊस केबलच्या आधाराने घरात येणार नाही.

विजेच्या तारांपासून केबल वीतभर दूर ठेवावी. छेद द्यावाच लागला, तर काटकोनात द्यावा. भोक पाडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि ड्रिलसाठी शेजाऱ्यांकडून वीज घ्यावी. उंदरांनी केबल कुरतडू नये म्हणून २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाईप लागेल. त्यात चार केबली सुखाने बसतात. पाचवी कोंबण्यापेक्षा पुढच्या कामासाठी आत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना ओढण्याआधीच चिकटपट्टीवर खोलीचे नाव लिहावे. प्लग मात्र केबल भोकातून पार झाल्यावरच लावावा, आणि दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच ठेवावा. शेवटी नेटवर्क केबल तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे दोन्ही बाजूंना क्रमाने लागतात का ते पाहावे. हे सगळे होईपर्यंत शाकारणीवाल्याला त्या वाटेवरची कौले उघडीच ठेवायला सांगावे.