मेपलच्या गाठी : शेगडी लावण्याआधी

पाडव्याला गुढीवर साखरगाठी हवी, आणि आमच्या कॅनडातल्या वॉटर्लूतल्या देशी दुकानात ती दरवर्षी येतेच असं नाही. पण नेमक्या त्याच सुमाराला, मार्च-एप्रिलमध्ये, ऑन्टारिओत मेपलचा हंगाम असतो. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असं हवामान जमलं की मेपलच्या झाडांतून गोड रस ठिबकायला लागतो, तो आटवून सिरप करतात. शेजारच्या एल्मायरात १९६५ पासून सिरपची जत्राच भरते. तेव्हा गेली चार वर्षं आमच्या गुढीवर मेपलच्या गाठी असतात. काम तासाभराचं. त्यातली शेवटची दोन मिनिटं मात्र अशी की तेव्हा साचा शोधायला गेलात तर पातेल्यातच दगड. म्हणून आधी सगळं ओट्यावर मांडायचं आणि मगच शेगडी लावायची.

सर्वांत आधी सिरप. ५४० मिलीचा एक डबा पुरे. त्यात अर्ध्या किलोच्या आतबाहेर गाठी होतात. डब्यावर घटक एकच लिहिलेला हवा, मेपल सिरप. 'पॅनकेक सिरप' म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक मक्याच्या साखरेचं असतं, त्याची गाठ सात जन्मांत होणार नाही. मग रंग बघा. सोनेरी, अंबर, गडद आणि फार गडद असे चार प्रकार मिळतात. खिरीत घालायला मला गडदच आवडतं, काकवीच्या जवळ जाणारं. गाठींसाठी मात्र सोनेरी घ्या, नाहीच मिळालं तर अंबर. हंगाम सरत येतो आणि ऊब वाढते तसे रसातले सूक्ष्मजीव साखर फोडून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात, आणि तेवढंही साखरेचे कण जमू न द्यायला पुरतं. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी, पाक साखरू नये म्हणून. इथे सगळं उलटं आहे, पाक साखरायलाच हवा. पहिल्या वर्षी मी हंगामाच्या शेवटचं काळपट सिरप स्वस्त पडलं म्हणून उचललं. घोटून घोटून हात भरून आले, पण ते काही जमेना. शेवटी पोळीला लावून संपवलं. लिंबू तर ओट्यावर ठेवूच नका. सासूबाई व्हिडिओ कॉलवर "अगं, दोन थेंब पिळ" म्हणाल्या तरी हो म्हणायचं आणि पिळायचं नाही.

पातेलं जाड बुडाचं, उंच आणि सिरपाच्या निदान चौपट मापाचं घ्या. उकळताना फेस असा चढतो की अर्ध्या लिटरला दोन लिटरचं भांडं कसंबसं पुरतं. शेजारी वाटीत मटाराच्या दाण्याएवढं लोणी किंवा तूप काढून ठेवा. फेस काठाशी आला की तेवढं टाकायचं, लगेच बसतो. चाळीस-एक लिटर रस आटतो तेव्हा एक लिटर सिरप होतं, हे एकदा लक्षात आलं की उतू घालवायला जीव होत नाही. वरचा पंखा लावून ठेवा. वाफेने आमच्या घरातला स्मोक अलार्म दोनदा बोंबलला आहे.

आता थर्मामीटर, आणि इथे कंटाळा करू नका. स्वयंपाकाचा, पाकात बुडणारा हवा, तापाचा नव्हे. ज्या दिवशी गाठी करायच्या त्याच दिवशी आधी साधं पाणी उकळून त्यात तो धरायचा आणि आकडा कागदावर लिहायचा. आमचं गाव समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास, त्यामुळे पाणी शंभराला नाही, ९९ च्या जवळपास उकळतं. हवेचा दाब बदलला की तेही थोडं हलतं. जो आकडा येईल त्यात १८ मिळवा. तो आपला पाक, आमच्याकडे ११७. इतके अंश चढायला हवेत याचा हिशेब पक्का; पुस्तकातला ठरलेला आकडा आंधळेपणाने घेतला तर एखाद-दोन अंशांनी गाठ मऊ राहते किंवा खडबडीत होते. ज्यांचा हात पाकाला बसलेला आहे त्यांनी वाटीभर गार पाणीही जवळ ठेवावं. थेंब टाकल्यावर बोटात घट्टसर गोळी वळली पाहिजे.

साचे सिलिकॉनचे. पानाच्या आकाराचे इथे कुठेही मिळतात, मी गोल पेढ्याएवढे वापरते. ते धुऊन अगदी कोरडे करून ताटात मांडा. ताट नसेल तर उचलताना साचा वाकतो. आपल्याकडे गाठी करणारे लाकडी साच्यात दोरा घालून पाक ओततात, तसाच इथेही जाड सुती दोरा आधी कापून साच्यांवरून आडवा ताणायचा आणि दोन्ही टोकं ताटाला चिकटपट्टीने धरायची. हे आयत्या वेळी होत नाही. लाकडी डाव एक, आणि तो ओल्या हाताने धरायचा नाही.

पोरांना स्वयंपाकघराबाहेर काढायचं, पण फुकट नाही. परातीत मागच्या अंगणातला स्वच्छ, ताजा बर्फ दाबून भरून ठेवा. रस्त्याकडेचा नको, त्यात मीठ असतं. पाक पाण्याच्या आकड्यावर १२ ते १५ अंश चढला की डावभर त्या बर्फावर ओतायचा. काडीला गुंडाळून खायची चिकट टॉफी होते. शेजारच्या क्वेबेक प्रांतात हंगामातला हा मोठा सोहळाच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात सोबत लोणच्यातली आंबट काकडी खातात, आमच्याकडे तिखट शेव चालते. हंगाम संपत आला असेल आणि बर्फ नसेल तर फ्रीजरमधला बर्फ किसून घ्या.

ओट्याच्या एका कोपऱ्यात जाड फडकं अंथरून जागा मोकळी ठेवा. ११७ ला पोचलेलं पातेलं तिथे ठेवायचं आणि हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, कडेचं खरवडायचं नाही. आता डाव घातला तर रवाळ कण पडतात. पारा ९० च्या खाली येऊ द्या, पण ७० पर्यंत घसरू देऊ नका. मी ८० ला डाव घालते. सुरुवातीला पाक मधासारखा जड, चकचकीत असतो. घोटत राहिलं की रंग फिका होतो, काठावर धूसर रेघ दिसते, आणि मग डाव उचलल्यावर मागे पडलेली घडी मोडेनाशी होते. चकाकी गेली की तोच क्षण. ताबडतोब ओता, दोरा बुडेल एवढं, आणि मागचं उरलेलं पुन्हा सुरेख करायच्या भानगडीत पडू नका.

अर्ध्या तासाने साच्यातून काढून जाळीवर वाळवायला ठेवायच्या. हवाबंद डबा आणि मधे घालायला बटर पेपर हेही आधीच काढून ठेवा, दमट हवेत त्या ओलसर होतात. बाटल्या-डबे नव्हते तेव्हा इथले मूळनिवासी अनिशिनाबे लोक रसाची साखर होईपर्यंत आटवायचे आणि भूर्जाच्या सालीच्या पेट्यांत भरून वर्षभर वापरायचे. टिकायला सिरपापेक्षा साखरच बरी. गुढीसाठी पाच बाजूला काढा. गुढी बाल्कनीत उभारणार असाल तर गाठी सकाळी बांधून तासाभरात आत घ्या, दोन वर्षांपूर्वी एक खार माळेसकट पळाली.

पातेलं घासायची घाई नको. त्यात दोन कप पाणी घालून उकळा, कडेचा पाक सुटतो. त्याच पाण्यात आलं ठेचून चहा टाका, साखर लागत नाही.