अंडी यंत्रात ठेवण्याआधी: पाण्याची तयारी आणि वजनाचा हिशेब

उबवण्यासाठी कोंबडीची अंडी गोळा करायला लागण्याआधी उबवणी यंत्र (इन्क्युबेटर) चालू करा. ते किमान २४ तास, जमलं तर ४८ तास रिकामं चालू द्या. पंख्याचं यंत्र असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसलेली थर्माकोलची पेटी असेल तर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ३८.३ ते ३८.९ अंश. ऊन, चूल, कूलर आणि दारातला वारा यांतलं काहीच पोचत नाही अशी खोली निवडा. तापमान बहुतेकांना जमतं. पण पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मरतात तेव्हा त्यामागे अनेकदा दमटपणा चुकलेला असतो, म्हणून पुढची बरीचशी तयारी पाण्याचीच आहे.

आधी दमटपणा मोजणारं मीटर तपासून घ्या. स्वस्तातलं हायग्रोमीटर दहा टक्क्यांनी सहज चुकतं, आणि चुकलेल्या आकड्यावर २१ दिवस चालणं म्हणजे खेप वाया घालवणं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घाला. मीठ ओलं, दाटसर झालं पाहिजे, विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवा आणि रात्रभर डबा उघडू नका. आत ७५ टक्के दमटपणा तयार होतो. सकाळी मीटर ८१ दाखवत असेल तर ते ६ ने जास्त सांगतं. तेवढे वजा करायचे, हे चिकटपट्टीवर लिहून मीटरलाच लावून टाका.

आता पाणी किती ठेवायचं? यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय यापेक्षा तुमच्या खोलीतली हवा कशी आहे यावर ते ठरतं. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून तीच हवा यंत्रात गेल्यावर कोरडी होते. कोकणात पावसाळ्यात खोली २७ अंशांवर आणि ८५ टक्के दमट असेल, तर ती हवा ३७.५ अंशांवर साधारण ४७ टक्के भरते. म्हणजे पहिले १८ दिवस पाण्याचा थेंबही न ठेवता काम भागतं. उलट पुण्याकडे हिवाळ्यात १५ अंश आणि ६० टक्क्यांची हवा आत आली की जेमतेम १६ टक्के उरते. तिथे पाण्याच्या दोन थाळ्याही कमी पडतील. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० च्या वर गेली तर यंत्राला ती थंड करता येत नाही. त्या दिवसांत खेप लावूच नये.

पहिल्या १८ दिवसांसाठी ४५ ते ५५ टक्के धरून चाला. रिकाम्या यंत्रातच थाळ्या बदलून बघा. पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, वाफ पृष्ठभागावरून निघते. तांब्याभर पाण्यापेक्षा पसरट ताटलीतलं बोटभर पाणी जास्त दमटपणा देतं. आणखी हवा असेल तर त्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवा. दमटपणा वाढवायचा म्हणून हवेची भोकं मात्र बुजवू नका. झाकण न उघडता पाणी घालता यावं म्हणून सलाइनची नवी नळी भोकातून थाळीत सोडून ठेवा, आणि घालायचं पाणी कोमटच घ्या.

अंडी ७ दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. निमुळतं टोक खाली करून घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा. यंत्रात लावण्याआधी ६ ते ८ तास खोलीत राहू द्या, नाहीतर गार कवचाला घाम फुटतो आणि जंतू आत शिरतात.

आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा हाताशी असू द्या. आमच्या मते तो हायग्रोमीटरपेक्षा खरा. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडायला हवं, तरच रुंद टोकाशी हवेचा कप्पा पुरेसा मोठा होतो. पिल्लू पहिला श्वास त्याच कप्प्यातून घेतं. १८ व्या दिवसापर्यंत वजनात ११ ते १४ टक्के घट हवी. ४५ ग्रॅमची २० गावरान अंडी म्हणजे ९०० ग्रॅम. १२ टक्के घट धरली तर सगळ्यांची मिळून रोज ६ ग्रॅम. म्हणजे ६ व्या दिवशी ८६४, १२ व्या दिवशी ८२८, १८ व्या दिवशी ७९२. सहाव्या दिवशी काटा ८७६ दाखवत असेल तर घट कमी आहे, थाळी काढा. ८५२ असेल तर अंडी कोरडी पडत आहेत, थाळी वाढवा. प्रत्येक अंड्याचं सुरुवातीचं वजन कवचावर पेन्सिलीने लिहा, म्हणजे मध्ये बॅटरीच्या (टॉर्चच्या) उजेडासमोर धरून वांझ अंडी काढली तरी हिशेब बिघडत नाही. बॅटरी लावली की कप्प्याची कडा स्वच्छ रेघेसारखी दिसते. त्या रेघेवरही पेन्सिल फिरवून तारीख टाका.

१८ व्या दिवशी अंडी फिरवणं (उलटसुलट करणं) बंद. थाळ्यांवर जाळी टाका, ओली पिल्लं पाण्यात पडून बुडतात. खाली पाय घसरणार नाही अशी खरखरीत मॅट अंथरा. दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या आणि झाकणाला हात लावू नका. पिल्लाने आतून कवचाला चोच मारल्यापासून बाहेर यायला २४ तासही लागू शकतात. एका पिल्लाला मदत म्हणून झाकण उघडलं की दमटपणा झर्रकन उतरतो आणि बाकीच्या टोचलेल्या अंड्यांमधला कवचाखालचा पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लांना आवळतो. बाहेर आलेली पिल्लं पोटातल्या बलकावर २४ ते ४८ तास काढतात, त्यांची घाई करू नका. ओली पिल्लं निघायला लागली की आकडा आपोआप ८० च्या पुढे जातो. काचेवरून ओघळ यायला लागले तर भोक थोडं जास्त उघडा, एवढंच.

२३ व्या दिवशी उरलेली अंडी फोडून बघा, वास येत असला तरी. पिल्लू फुगलेलं, बेंबी ओली, आत चिकट पाणी आणि कप्पा लहान असेल तर पहिल्या १८ दिवसांत दमटपणा जास्त झाला. चोच मारलेली, पण पापुद्रा पिवळट-तपकिरी होऊन पिसांना चिकटलेला असेल तर शेवटी कोरडं पडलं. तारीख, खोलीतला दमटपणा, थाळ्या किती होत्या आणि १८ व्या दिवसाचं वजन वहीत उतरवा. पुढच्या खेपेला एका वेळी पाचच टक्क्यांचा फरक करा.